३४ वर्षांची सिगरेट, श्रावण आणि बुवांचा आवाज

"इतकी वर्षं ओढल्यावर एकदम सोडली तर शरीराला झेपत नाही म्हणतात, खरं का?" मी सिगरेट-तंबाखू सोडवायला मदत करणारी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. बहुतेक वेळा विचारणारा पन्नाशीच्या पुढचा असतो, बायको किंवा मुलगी सोबत आलेली असते, आणि त्याला कुणीतरी वाडीतल्या एकाचं उदाहरण सांगितलेलं असतं की अमक्याने सोडली आणि तीन महिन्यात गेला. यावर उत्तर द्यायचं तर मला गेल्या वर्षीचे एक बुवा आठवतात. त्यांना विचारूनच लिहितेय, गाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बुवा म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनातले, म्हणजे दोन मंडळींच्या समोरासमोरच्या भजनी सामन्यातले (आम्ही त्याला नुसतं 'बारी' म्हणतो) मुख्य गायक. वय ५२, देवगड साईडला थोडी हापूसची कलमं, आणि गणपतीपासून पुढे सप्ते, जत्रा यात रात्र रात्र पेटीवर बसून गाणं. अठराव्या वर्षी पहिली सिगरेट, ती पण एका बारीच्या रात्री, झोप येऊ नये म्हणून कुणीतरी दिलेली. माझ्याकडे आले तेव्हा रोजच्या वीस होत होत्या, म्हणजे दहाची दोन पाकिटं, त्यातली पहिली अंथरुणातनं उठल्या उठल्या.

पण माझ्याकडे ते 'सोडायची आहे' म्हणून आलेच नव्हते. सोडून दहा दिवस झाले होते! गटारीला मटण खाल्लं, रात्री उरलेलं पाकीट चुलीत टाकलं आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून बंद, कुणाला न सांगता. त्यांचा हिशोब सरळ होता की श्रावणात मासे सुटतात, आपल्याकडे माशाशिवाय घास न उतरणारी माणसं महिनाभर डाळभात खातात, मग ही का नाही सुटणार. आणि दहाव्या दिवशी वैनी त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या.

"मॅडम, सिगरेट सोडलंय आणि आवाजच गेलो," हे त्यांचं पहिलं वाक्य. "सकाळी नुसतो कफ. गळो साफ होणा नाय. ३४ वर्षांची सवय, बॉडीक ती व्हयीच. आता गणपतीत बारीक कसो गातलंय मी?"

वैनींची तक्रार वेगळी. "ह्येंका रात्रभर झोप नाय. साधा इचारला तरी अंगार येतत. ह्येच्यापेक्षा ओढत होते ता बरा, असा म्हणाची पाळी इली हा."

मला खूप वाईट वाटलं ऐकून, कारण हा माणूस दहा दिवस एकटा झगडत होता. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, ते त्याने कुठल्याही आधाराशिवाय काढले होते आणि बक्षीस काय, तर घरातले वैतागलेले आणि गळा बसलेला. अशा वेळी माणूस परत पाकीट उघडतो आणि कफ खरंच थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, मग त्याची खात्रीच पटते की आपल्याला ही लागतेच.

तर आधी कफाचं सांगते. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांचं काम म्हणजे धूळ, कफ वरवर ढकलून घशापर्यंत आणणं. सिगरेटच्या धुराने ते मंद पडतात, बरेचसे मरून पण जातात. ओढणं थांबलं की ते हळूहळू पुन्हा उगवतात, हलायला लागतात आणि साठलेलं वर आणायला लागतात. म्हणून कित्येकांना सोडल्यावर काही आठवडे खोकला, कफ वाढल्यासारखा वाटतो. मी बुवांना म्हटलं, पावसाळ्यानंतर विहीर उपसतो तेव्हा पहिलं पाणी कसं येतं? गढूळ. त्या दिवशी कुणी म्हणतं का की विहीर उपसल्याने बिघडली. त्यांना हे पटलं, पण आवाजाचं टेन्शन काही गेलं नाही.

आणि आवाजाच्या बाबतीत मी नुसती समजूत घालून पाठवलं नाही, हे मुद्दाम लिहितेय. खूप वर्षं ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला, कफातनं रक्त आलं, वजन उगाच उतरायला लागलं, गिळताना दुखलं तर 'सोडल्यामुळे होतंय' म्हणून घरी बसायचं नाही, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. बुवांना खोदून विचारल्यावर कळलं की आवाज घोगरा होऊन वर्ष होऊन गेलं होतं, फक्त लोक म्हणायचे काय भारदस्त आवाज लागलाय बुवांचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्यांना पण मनातनं वाटायचं की हा खर्ज सिगरेटने दिलाय. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूंवर सूज होती, खूप वर्षांच्या धुराने येते तशी, सुदैवाने दुसरं काही नव्हतं. सूज आली की स्वरतंतू जड होतात आणि आवाज खाली जातो. म्हणजे ज्याला गावभर भारदस्तपणा म्हणत होते तो आजार होता. ते ऐकून बुवा माझ्या समोर बराच वेळ गप्प बसले होते.

आता झोपेचं आणि चिडचिडीचं. निकोटीन झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदात मेंदूत पोचतं. एका सिगरेटचे साधारण दहा झुरके धरा, दिवसाला दोनशे, वर्षाला ७३ हजार, ३४ वर्षांत जवळजवळ २५ लाख. एवढ्या वेळा मेंदूला शिकवलंय की हाताची हालचाल झाली की बरं वाटणार. मासे सोडणं आणि सिगरेट सोडणं यात हा फरक आहे, सुरमई आठवते, जीभ चाळवते, पण सुरमई नाही म्हणून कुणाचे हात थरथरत नाहीत की रात्री तीनला जाग येऊन छातीत धडधडत नाही. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणं, सारखी भूक, पोट साफ न होणं, कुणाकुणाला तोंड येणं, हे सगळं निकोटीन निघून चालल्याची लक्षणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सगळ्यात जोरात असतात, मग उतरत जातात, बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत बरीचशी निवळतात. त्रास होतो, खरंच होतो, मी तो कधी कमी करून सांगत नाही. पण या त्रासाने हृदयाला किंवा फुप्फुसाला इजा होत नाही, इजा व्हायची ती धुराने होत होती.

बुवांच्या झोपेत मात्र अजून एक गोष्ट होती आणि ती मी पहिल्या भेटीत विचारायलाच विसरले, त्याचा एक आठवडा त्यांना उगाच भोगावा लागला. चहा! दिवसाला आठ कप, सिगरेट सोडल्यापासून दहा, कारण हात रिकामा राहतो. सिगरेटच्या धुरातल्या घटकांमुळे लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर संपवत असतं. धूर बंद झाला की तो वेग काही दिवसांत उतरतो, आणि तेवढाच चहा पूर्वीपेक्षा खूप जास्त चढतो. धडधड, झोप नाही, हाताला कंप, आणि माणूस म्हणतो बघा सोडल्यामुळे झालं. चहा चार कपावर आणला, संध्याकाळी पाचनंतर बंद, त्याजागी कोकमाचं सार नाहीतर गरम पाणी. पाचव्या दिवशी वैनींचा फोन की काल सहा तास झोपले. कुणीही सिगरेट सोडत असेल तर कृपा करून चहा निम्मा करा, हे मी आता सगळ्यांना पहिल्या दहा मिनिटांत सांगते.

औषधाबद्दल त्यांना लाज वाटत होती. "निकोटीन सोडूचा आणि निकोटीनच लावूचा?" बऱ्याच जणांना असंच वाटतं. पण कॅन्सर आणि हार्टचं मुख्य नुकसान करतं ते जळलेल्या तंबाखूच्या धुरातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीची विषारी रसायनं, आणि अंगाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीत ते काही नसतं. पट्टी निकोटीन सावकाश देते, झुरक्यासारखा दणका बसत नाही, आणि आठवड्यांनी डोस उतरवत आणता येतो. फिजिशियनना दाखवून, बीपी वगैरे बघून २१ मिलिग्रॅमची पट्टी सुरू झाली, सोबत तलफ आली तर निकोटीनची च्युइंगम गोळी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागणाऱ्याला २ मिलिग्रॅमची गोळी बऱ्याचदा कमी पडते, ४ ची लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि ही गोळी नेहमीच्या च्युइंगमसारखी कचाकचा चावायची नसते. बुवांनी पहिल्या दिवशी तसंच केलं, उचक्या लागल्या, पोटात जळजळ, आणि गोळी खिडकीबाहेर. सावकाश चावायची, जिभेला चुणचुण झाली की गालात दाबून ठेवायची, चुणचुण गेली की परत थोडी चावायची, असं अर्धा तास. आणि आधी पाव तास चहा नाही, आंबट काही नाही, नाहीतर निकोटीन तोंडातनं नीट शोषलं जात नाही.

मधे त्यांनी मला विचारलं की दिवसाला एकच ठेवली तर? जेवणानंतरची. हा पण नेहमीचा प्रश्न. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात रोज एक ओढणाऱ्याचा हार्टचा जादा धोका, रोज वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या जवळपास निम्मा निघाला. विसावा हिस्सा असायला हवा होता ना? तसं होत नाही. शिवाय ती एक फार दिवस एक राहत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

आणि तो वाडीतला माणूस, सोडल्यावर तीन महिन्यात गेलेला. बुवांच्या वाडीत पण एक होता. मी विचारलं, त्याने का सोडली? तर दम लागत होता, डॉक्टरने सांगितलं म्हणून. म्हणजे आजार आधीच आत बसलेला होता, सिगरेट त्यानंतर सुटली, आणि लोकांनी क्रम उलटा लावला. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून डॉक्टर लोकांनाच पन्नास वर्षं धरून ठेवून अभ्यास केला, २००४ ला त्याचे आकडे आले, साठीला सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षं आयुष्य जास्त मिळालं, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला नऊ. एक वर्ष न ओढता काढलं की हार्टच्या आजाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. बुवा ५२ चे. "म्हणजे सा वर्सा," असं म्हणून त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मला वाटतं नातीचं वय.

मला खरी भीती होती ती श्रावणाची. व्रताला शेवटचा दिवस असतो. जीभ गप्प असते पण मन मोजत असतं, आणि बुवांच्या बोलण्यात 'गणपतीपर्यंत तरी' हे दोन-तीनदा आलं होतं. म्हणून आम्ही दोघांनी बसून बारीच्या रात्रीचा नकाशा काढला, कितीला अभंग, कधी गवळण, गजर संपल्यावर मांडवामागे कोण कोण जमतं, काडी कोण पुढे करतो. तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, फार तर दहा. तेवढ्या वेळात मांडवामागे जायचं नाही, पुढच्या बाजूला मुलापाशी जायचं, त्याच्याकडे थर्मासमध्ये कोमट पाणी, खिशात ज्येष्ठमध, खडीसाखर आणि गोळी. मंडळींना आधीच सांगायचं की मी सोडलीय, मला देऊ नका. हे सांगणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

बारी झाली. पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला.

"मॅडम, एक ओढलंय." आवाज रडवेला. पखवाजवाल्याने दिली होती, समोरच्या बुवाने गजरात पाडलं होतं, आणि हात आपोआप पुढे गेला. "आता परत पयल्यापासून?"

मी म्हटलं बुवा, श्रावणापासून आजपर्यंत सातशेच्या जवळ सिगरेटी व्हायच्या होत्या, झाली एक. पाकीट विकत घेतलंत का? नाही. मग पट्टी तशीच राहू दे, सकाळी उठल्यावर नवीन लावा, आणि दुपारी मला सांगा की गजर संपल्यापासून काडी पेटेपर्यंत नक्की काय काय झालं. बहुतेक लोकांची सिगरेट पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही, आणि एक ओढली म्हणून 'आता गेलंच' असं धरून बसलं की त्याच दिवशी दुसरं पाकीट येतं. दुपारी सांगितलं त्यांनी. मुलगा त्या वेळी मोबाईल चार्ज करायला गेला होता, थर्मास पेटीमागे राहिला होता. एवढंच. पुढच्या बारीला थर्मास पेटीच्या शेजारी आला आणि पखवाजवाल्याला वैनींनी स्वतः जाऊन सांगितलं, ते काय सांगितलं ते मला माहीत नाही पण त्याने परत दिली नाही.

ज्यांच्या जवळपास समुपदेशक नाही त्यांच्यासाठी, पाकिटावरच १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर छापलेला असतो, फोन फुकट आहे. आणि सिगरेटच्या जागी मिश्री, तंबाखूची पुडी नाहीतर तपकीर नको, तो तंबाखूच आहे.

बुवा शेवटचे आले ते माघी गणपतीनंतर. पट्टी दिवाळीच्या आसपासच संपली होती. वजन चार किलो वाढलं होतं, त्याबद्दल वैनींना काही म्हणणं नव्हतं. डॉक्टरांनी परत दुर्बीण घातली, सूज उतरलीय, पूर्ण गेलेली नाही. "खर्ज पयल्यासारखो लागणा नाय," म्हणाले, आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं, मी त्यावर काही बोलले नाही. मग म्हणाले, "पण वरचो सा लागता. आधी गजरात दोनदा थांबाचा लागायचा, आता एका दमात जातंय." पेटीच्या खोक्यात त्या च्युइंगम गोळ्यांची एक स्ट्रिप अजून असते. ती काढू नका असं मीच सांगितलंय, शिमग्यापर्यंत तरी.