जतन आधी, एसएमएस नंतर: मॉकवर कॉलचा क्रम कसा तपासायचा

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: जिनिंगवरच्या कापूस खरेदीचा पायथॉन प्रोग्रॅम आहे. पावती जतन करायला एक मॉक (टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी ठेवलेली नकली वस्तू), शेतकऱ्याला एसएमएस पाठवायला दुसरा. दोघांवर असर्ट_कॉल्ड_वन्स (एकदाच कॉल झाला का ही तपासणी) पास होतं, पण कोडमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली तरी टेस्ट हिरवीच, म्हणजे पास.

हिरवी राहणारच. प्रत्येक मॉक फक्त स्वतःवर आलेले कॉल लिहून ठेवतो. फाटकावर एक वही, काट्यावर दुसरी आणि दोन्हींत वेळ टाकलेली नाही, तर गाडी आधी कुठं थांबली ते कसं कळणार? दोन्ही नोंदी एकाच वहीत पडायला हव्यात.

त्यासाठी वर एक तिसरा मॉक घ्या, त्याला मालक म्हणू. अटॅच_मॉक वापरून जतन आणि एसएमएस हे दोन्ही मॉक त्याला जोडा आणि शेवटी त्याची कॉलची यादी, मॉक_कॉल्स, तपासा:

मालक.मॉक_कॉल्स == [कॉल.जतन(पावती), कॉल.एसएमएस(पावती)]

पॅचनं (खऱ्या फंक्शनच्या जागी तात्पुरता मॉक बसवणारी सोय) बनवलेला मॉक नुसता बरोबरचं चिन्ह देऊन मालकाला लावला तर जोडला जात नाही, कारण पॅच त्याला आधीच नाव देतो. म्हणून अटॅच_मॉकच. हे सगळं पायथॉन 3.3 पासून सोबतच येतं, गावात नेटची वाट बघत वेगळं काही बसवायला नको.

असर्ट_हॅज_कॉल्स (हे कॉल याच क्रमानं आले का ही तपासणी) वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. दिलेल्या कॉलच्या आधी किंवा नंतर जादा कॉल आले तर चालतात, मधे एकही चालत नाही. उद्या कोणी मालकालाच लॉगचा मॉक जोडला की टेस्ट लाल. मग घाईत एनी_ऑर्डर=ट्रू (कोणताही क्रम चालेल) टाकलं जातं आणि क्रमाची तपासणीच निघून जाते. त्यापेक्षा मॉक_कॉल्समधली फक्त नावं वेचा (प्रत्येक नोंदीचा पहिला घटक नाव असतो), नको ती गाळा आणि उरलेल्या यादीचा क्रम बघा. शिवाय मॉक आर्ग्युमेंटची प्रत ठेवत नाही, तीच वस्तू धरून ठेवतो. पावतीची डिक्शनरी नंतर बदलली तर जुन्या कॉलमध्येही बदललेलीच दिसते.

एवढं करूनही थांबू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर माझाच प्रोग्रॅम होता. दिवाळीनंतरचा हंगाम, गाड्यांची रांग आणि लाईन गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी मोबाईल घेऊन आले. मेसेजमध्ये पावती नंबर होता, 14 क्विंटल 60 किलो वजन होतं, आणि कॉम्प्युटरमध्ये काहीच नव्हतं. ‘मेसेज तं आला माह्या मोबाईलवर, मंग तुमच्यात नाव काहून नाही?’ कापूस गंजीत मिसळून गेला होता, पुन्हा तोलायचा कुठून? काटेवाल्यानं भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन कागदावर टिपलं होतं म्हणून त्यांचे पैसे वाचले. ती रात्र मला झोप आली नाही.

माझ्याकडे वरची टेस्ट होती आणि हिरवी होती. जतन खरंच एसएमएसच्या आधी होत होतं. पण दोन्ही ओळी एसक्यूलाइट या फाइलमधल्या छोट्या डेटाबेसच्या विथ ब्लॉकच्या आत होत्या आणि कमिट, म्हणजे नोंद कायमची पक्की होणं, ब्लॉक संपताना होतो. मेसेज गेला, कमिट व्हायच्या आत लाईन गेली, नोंद गेली.

म्हणून आता मी असं करतो. टेस्टमध्ये तात्पुरत्या फाइलवर खरा एसक्यूलाइट घेतो आणि मॉक फक्त एसएमएसला लावतो. त्याच्या साइड_इफेक्टमध्ये (मॉकला कॉल आला की चालणारं फंक्शन) दुसरं कनेक्शन उघडून ती पावती शोधतो. कमिट न झालेली ओळ दुसऱ्या कनेक्शनला दिसत नाही, म्हणजे नेमकं हवं तेच तपासलं जातं. मेमरीतला डेटाबेस इथं चालणार नाही, तिथं प्रत्येक कनेक्शनला वेगळा रिकामा डेटाबेस मिळतो. पावती सापडली की नाही ते एका यादीत टाका आणि असर्ट शेवटी, बाहेर करा. साइड_इफेक्टच्या आतच असर्ट केलंत तर नेट जाईल म्हणून एसएमएसभोवती लावलेला ट्राय-एक्सेप्ट ती चूकही गिळून टाकेल.

मालक-मॉकची पद्धत मी अजूनही वापरतो, पण जिथं क्रम हाच नियम आहे तिथं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीत 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला तर कापूस घेतच नाहीत, म्हणून आमच्याकडे ओलावा वजनाच्या आधी. भरलेली गाडी तोलणं, मग खाली करणं, मग रिकामी गाडी तोलणं, हाही क्रम तसाच. गाडी नंबर आधी वाचला की शेतकऱ्याचं नाव, यानं काही बिघडत नाही. तिथं क्रम टेस्टमध्ये बांधू नका.

आधी तुमच्या कोडमध्ये विथ ब्लॉक कुठं संपतो ते बघा. एसएमएसची ओळ आत असेल तर लगेच हलवू नका, आधी ही टेस्ट लिहून ती लाल होते का ते बघा, मग ओळ बाहेर काढा. अडलं तर त्या फंक्शनचा कोड इथं टाका.