भूकंपानंतर भुज शहर कसे सावरले, याची नोंद आज करायची असल्यास सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, २००१ च्या भूकंपानंतर भुज कसे उभे राहिले याची छायाचित्रे आणि मुलाखती यांच्या आधारे नोंद करायची असल्यास, इतक्या वर्षांनंतर सुरुवात कुठून करावी. नगररचनेच्या कामानिमित्त मी भुजच्या कोटाच्या आतील भागात बराच फिरलो आहे. माझे मत असे आहे की सुरुवात जमिनीपासून करावी. कोणता भूखंड कोणाचा होता, त्यातील किती जागा गेली आणि आज तिथे कोण राहते, एवढे तीन धागे हाती आले की बाकीच्या गोष्टी त्यांच्याभोवती आपोआप गोळा होतात.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपात कोटाच्या आतील दाट वस्तीचे अपरिमित नुकसान झाले. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की घरे कोसळताच त्या ढिगाऱ्यांनी बुजल्या आणि सुटकेची वाटच उरली नाही. त्यामुळे पुनर्बांधणीच्या आराखड्यात रस्ते रुंद करण्यावर भर दिला गेला आणि आराखडा ठरेपर्यंत कोटाच्या आत बांधकामाला परवानगी नव्हती. रस्त्यांसाठी लागणारी जमीन नगररचना योजनेतून, सर्वांच्याच भूखंडांतून थोडी थोडी काढून घेण्यात आली. अगदी लहान भूखंडांना या कपातीतून वगळले होते आणि भूखंड जितका मोठा तितके कपातीचे प्रमाण अधिक होते. परिणामी अनेकांचा अंतिम भूखंड मूळ जागेपासून थोडा सरकलेला, वेगळ्या आकाराचा असा मिळाला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर अनेक गावे दुसरीकडे वसवली गेली, तेव्हा जुने गावठाण निदान ओळखता येते. भुज मात्र स्वतःच्याच जागेवर पुन्हा बांधले गेले, म्हणून तेथे जुने शहर नव्याच्या खाली शोधावे लागते.

छायाचित्रांच्या बाबतीत याचा थेट परिणाम होतो. भूकंपापूर्वीचे किंवा भूकंपानंतर लगेच काढलेले चित्र घेऊन आपण त्याच जागी उभे राहायला गेलात, तर ती जागा आज रस्त्याच्या मधोमध किंवा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात निघू शकते. अशा वेळी चित्रातील जवळच्या घरांचा उपयोग होत नाही. दूरच्या, न हललेल्या खुणा शोधाव्यात: शहरालगतच्या भुजियो डुंगराची (टेकडीची) कड, प्राग महालाचा घड्याळाचा मनोरा, हमीरसर तलावाचा काठ. जुन्या चित्रात मनोऱ्याचा किती भाग कोणत्या छपराआडून दिसतो आणि त्याच्या मागे डोंगराची रेघ कुठे उतरते, हे पाहत पुढे-मागे सरकत गेले की दोन्ही खुणांचा मेळ बसणारी जागा सापडते. ती सापडली की तिचे अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याची दिशा आणि तारीख त्याच क्षणी लिहून ठेवावी. त्या चित्राशेजारी जुन्या आणि नव्या भूखंडाचा नकाशा ठेवला, तर काय बदलले ते पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. नवे रुग्णालय, भुजियोवरील २०२२ मध्ये खुले झालेले स्मृतिवन हे भूकंपाचे स्मारक यांची चित्रे विपुल आहेत. त्यांवर आपला वेळ फार घालवू नये, असे मला वाटते.

लोकसंख्येच्या आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहावे. २००१ ची जनगणना भूकंपानंतर अवघ्या काही दिवसांत सुरू होत होती आणि कच्छ जिल्ह्यात ती ठरल्या वेळी होऊच शकली नाही; देशाच्या तात्पुरत्या आकडेवारीत या जिल्ह्याची लोकसंख्या अंदाजाने धरलेली होती. त्यानंतर केंद्राने नव्या उद्योगांना अबकारी करात सवलत दिली, कच्छमध्ये कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग बाहेरचे कामगारही आले. म्हणून शहर वाढले, या वाक्यातून जुने रहिवासी परतले असा अर्थ काढता येत नाही.

तो अर्थ मुलाखतींतूनच लागतो, आणि त्यातही भाडेकरूंना आवर्जून शोधावे. मदत घराच्या पडझडीच्या प्रतीनुसार, म्हणजे जी-१ (किरकोळ नुकसान) ते जी-५ (पूर्ण कोसळलेले घर) अशा वर्गवारीनुसार ठरत होती आणि हक्काचा कागद मालकाच्या नावावर होता. पिढ्यान्पिढ्या नाममात्र भाड्याने राहिलेल्या कुटुंबांसाठी मालकांइतकी स्पष्ट तरतूद नव्हती. ही कुटुंबे जुन्या पत्त्यावर भेटत नाहीत, त्यामुळे केवळ कोटात फिरून केलेली नोंद परतलेल्यांचीच नोंद होऊन बसते आणि हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. भूकंप कसा झाला, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारू नये. आधी पत्ते विचारावेत: त्या सकाळी घर कुठे होते, तंबू कुठे टाकला, पत्र्याच्या तात्पुरत्या घरात किती काळ काढला, मग कोठे गेलात आणि का. माणसे पत्ते सांगता सांगता शेजाऱ्यांची, दुकानांची, तुटलेल्या नात्यांची माहिती स्वतःहून देतात आणि दुःखाच्या आठवणीपाशी जायचे की नाही, हे त्यांच्याच हाती राहते.

बोलणे कच्छीत झाले तर मूळ ध्वनिमुद्रण तसेच जपावे आणि भाषांतर वेगळे ठेवावे. नाव व चेहरा प्रसिद्ध करण्याची संमती लेखी घ्यावी, ती नंतर मागे घेण्याची मुभा द्यावी, आणि संपूर्ण संग्रहाची एक प्रत, गुजरातीतील चित्रओळींसह, भुजमध्येच एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात राहील अशी व्यवस्था काम सुरू करण्यापूर्वीच करून घ्यावी.