पिंपल्समुळे मुलगा घराबाहेर पडत नाही: आधी त्वचेचे डॉक्टर की समुपदेशक?

ताई, मुलगा बारावीला, तोंडभर पुळ्या, घरातसुद्धा मास्क, मामेबहिणीच्या हळदीला यायला साफ नकार, आणि सासूबाई म्हणतात ‘वयच आहे, जाईल आपोआप’. आधी कुठे न्यावं असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, दोन्हीकडे न्या आणि एकाच आठवड्यात न्या. चेहरा साफ झाला की मन ताळ्यावर येईल, या आशेवर थांबू नका.

ऐरोलीत माझं औषधाचं दुकान आहे, बरीच वर्षं झाली. अशी मुलं रोज बघतो. गर्दी असली तर पायरीखालीच थांबतात. दुकान रिकामं झालं की मास्क न काढता मोबाईल पुढे करतात, त्यावर मित्राने पाठवलेला ट्यूबचा फोटो असतो. काउंटरशेजारी आरसा आहे, त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात. गालावर चार पुळ्या असोत की चाळीस, उभं राहणं तेच. म्हणून ‘एवढंसं तर आहे’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. त्याला किती त्रास होतोय हे पुळ्या मोजून कळत नाही.

त्या फोटोतल्या ट्यूबविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण खरा घात तिथे होतो. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. गोरं करणाऱ्या किंवा खाजेच्या मलमांत ती मिसळलेली असतात. लावल्यावर थोडे दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो आणि पोरगा खूश होतो. पुढे त्याच मलमाने नव्या पुळ्या येतात, कातडी पातळ होते, आणि लावणं थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते. मग पुन्हा तेच मलम. आधीच खचलेल्या मुलाला वाटतं, आपला चेहरा सुधारणारच नाही. तुमच्याकडे अशी ट्यूब सापडली तर रागावू नका. ती डॉक्टरांना दाखवा आणि कशी बंद करायची ते त्यांनाच विचारा.

योग्य औषधांनाही वेळ लागतो. ॲडापलीन, बेन्झॉइल परॉक्साइड यांचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे, नीट दिसायला तीन महिने. सुरुवातीला कातडी सुकते, सोलते, कधी पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. हे आधी सांगितलं नाही तर पंधरा दिवसांत ट्यूब कचऱ्यात जाते. आपल्या वर्णाच्या त्वचेवर पुळी गेल्यावर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, फोडली तर जास्तच. तीन महिने त्याला कोणीतरी धीर द्यायला हवा, समुपदेशक आत्ताच गाठा म्हणतो ते त्यासाठी.

‘जाईल आपोआप’ला माझा विरोध आणखी एका कारणाने. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या १९८६ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास छापून आला. मुरुमांचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त होता. म्हणजे घरचे वाट बघत बसतात नेमका तोच काळ अवघड. आणि हे उलटंही चालतं: परीक्षेच्या ताणात पुळ्या वाढतात, हेही विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात दिसलंय. त्यात तुमच्याकडे बारावी.

डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लिहिल्या तर नेटवर वाचून घाबरू नका. मोठ्या अभ्यासांत सरसकट नैराश्य वाढल्याचं दिसलेलं नाही. पण तो सध्या खचलेला आहे हे गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगायचंच, आणि पुढेही मूडवर लक्ष ठेवायचं.

घरात चेहऱ्यावर बोलणं बंद. नातेवाइकांच्या बेसन-हळदीच्या सल्ल्यांना तुम्हीच परस्पर उत्तर द्या, त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. मामेबहिणीच्या हळदीला येण्याचा आग्रह सोडा. रात्री खाली एक फेरी मारून येऊ म्हणा, त्याला जमेल तेवढंच.

झोप उडाली, जेवण तुटलं, ‘माझं काही होणार नाही’ असं बोलू लागला, तर सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ विचारल्याने डोक्यात नसलेलं भरत नाही, उलट मुलं मोकळी होतात. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, फुकट, मराठीतही. तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतं. ‘ठाण्याला पाठवा’ हा आपल्याकडचा टोमणा ऐकून लोक मानसोपचाराला बिचकतात, मला त्याचा फार राग येतो. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे तपासून माणसं घरी जातात.

तो सध्या काय लावतो, त्या ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले घटक इथे टाका. स्टेरॉइड आहे का ते बघून सांगतो.