'पुढील पान' कुठे गेलं?

प्रश्न : झोपण्यापूर्वी दहा मिनिटं म्हणून मोबाइल हातात घेतो आणि तास कसा जातो कळत नाही. अलीकडे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, मधूनच पाणीही येतं. तपासून घेतलं, चष्म्याचा नंबर तोच आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा बसवून घ्याव्यात का?
– एक वाचक

उत्तर : काचांवर पैसे घालू नका. 2023 साली कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा काचांच्या 17 चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा थकवा त्यांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो असं, निदान थोड्या दिवसांच्या वापरात तरी, दिसलं नाही.

तुमच्या वर्णनावरून मला कोरडेपणाची शंका येते. पाणी येतं मग डोळा कोरडा कसा? याच मुद्द्यावर मी डॉक्टरांशी हुज्जत घातली होती! वरचा थर सुकला की डोळा चिडतो आणि घाईघाईने पाणी सोडतो. पण ते धरून ठेवणारं, पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल कमी पडलं तर पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. ते तेल पसरवायचं काम पापणीचं. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण 15 वेळा लवते. स्क्रीनकडे बघताना हा आकडा निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो, आणि जी लवते तीही बऱ्याचदा अर्धवट.

पूर्वी वेबसाइटवरचं पान संपायचं. 'पुढील पान' दाबायचं आणि ते उघडेपर्यंत नजर खिडकीबाहेर. 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं पान बनवलं, खाली सरकवत गेलं की पुढचा मजकूर आपोआप येतच राहतो. पुढे त्याची खंतही त्याने जाहीरपणे बोलून दाखवली. मी कोणत्या तोंडाने बोलणार? वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा. एका ग्राहकासाठी ते बटण मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं आणि लोक जास्त वेळ रेंगाळतात म्हणून पाठ थोपटून घेतली. वर्षभरात माझ्याच खिशात डोळ्यांच्या थेंबांची बाटली आली.

आता रात्री वाचायचे तीन लेख मी दुपारीच सेव्ह करतो आणि ब्राउझरच्या रीडर मोडमध्ये, म्हणजे फक्त लेखाचा मजकूर दिसेल असे, उघडतो. तिथे लेख संपला की खाली काहीच नाही. मग पापण्या पूर्ण मिटायच्या, क्षणभर तशाच ठेवायच्या, उघडायच्या. असं दहाएक वेळा. (दर वीस मिनिटांनी गजर लावूनही पाहिलं. तो बंद करायला मोबाइल उचलायचो आणि तिथेच अडकायचो.) मोबाइल नजरेच्या खाली धरा, वर धरला की डोळे जास्त उघडे राहतात आणि लवकर सुकतात. लाली घालवणारे थेंब मनाने सुरू करू नका, काही थेंब थांबवले की लाली आणखी वाढून परत येते.

डोळे दुखू लागले, उजेड सोसेना किंवा पापणी लववूनही धूसरपणा जाईना, तर मला पत्र लिहीत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.