स्पाइक मेला की झोपला?

“मॅडम, एक माणूस मेला की नाही यावर माझा मुलगा तीन आठवडे भांडतोय. आणि तो माणूस खरासुद्धा नाही. कार्टून आहे.”

समोर बसलेल्या ताई हे सांगताना हसत होत्या, पण हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. मुलगा अठरा वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. रात्री गच्चीवर जाऊन मित्रांशी फोनवर वाद घालतो. एकदा त्या वाळत घातलेले कपडे काढायला वर गेल्या, तेव्हा त्याचं वाक्य कानावर पडलं: “तो मरायलाच गेला होता, आणि त्यात काय चुकलं?” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी त्या मुलाला म्हणाल्या, “घरात असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.” तेव्हापासून तो घरात बोलायचाच बंद झाला.

अशी काळजी घेऊन येणारे पालक मला महिन्यातून दोन-तीन तरी भेटतात. मूल मरणाबद्दल बोलतं, मरणाच्या गोष्टी बघतं, म्हणजे त्याच्या मनात तसलं काही आहे का? मी आधी बाकीचं विचारते. झोप कशी आहे? जेवण? कॉलेजला जातो का? मित्र तुटलेत का? आवडत्या वस्तू वाटून टाकतोय का? ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी भाषा येते का? या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तरी मी त्याला एकट्याला भेटले. जिवाला धोका वाटला तर आईवडिलांना सांगावं लागेल, हे आधी स्पष्ट केलं आणि मग सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारलं की मुलाच्या डोक्यात नसलेलं भरतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, अभ्यासांतूनही ते दिसलेलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचंच पुष्कळांना हायसं वाटतं. तो म्हणाला, “नाही हो मॅडम. आईने असं सांगितलं का तुम्हाला?” मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तेच विचारलं. उत्तर बदललं नाही. (बदललं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. कुणाला शंका असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.)

मग मी म्हटलं, सांग तुझी गोष्ट.

मालिकेचं नाव ‘काउबॉय बीबॉप’. जपानमध्ये १९९८ साली सुरू झालेली, २६ भागांची. शेवटचा भाग १९९९च्या एप्रिलचा, म्हणजे त्याच्या जन्माच्याही कितीतरी आधीचा. काळ २०७१चा. स्पाइक, जेट आणि फे एका जुनाट यानात राहतात, पळालेले गुन्हेगार पकडून देऊन पोट भरतात, आणि बहुतेक वेळा उपाशीच असतात. शेवटी स्पाइक जुन्या वैऱ्याचा हिशेब चुकता करायला एकटा निघतो. काम होतं. रक्तबंबाळ होऊन तो जिना उतरतो, हसतो, बोटांची बंदूक करून “बँग” म्हणतो आणि कोसळतो. नंतर आकाशात एक तारा विझताना दिसतो आणि ‘ते ओझं तुला वाहावं लागणार’ अशा अर्थाचं वाक्य पडद्यावर येतं. तो मेला की बेशुद्ध पडला, यावर पंचवीस वर्षं वाद चाललाय. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी नेमकं उत्तर देणं टाळलं आहे.

त्या रात्री मी शेवटचे दोन भाग पाहिले आणि पुढच्या भेटीत चूक केली. मोठ्या उत्साहात म्हणाले, “अरे, मेलाच की तो! माणूस मेला की त्याचा तारा पडतो, हे मालिकेतच सांगितलंय.”

तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “तुम्ही पण उत्तर देऊन मोकळ्या झालात.”

इतकी वर्षं खुर्चीत बसून दुसऱ्याचं ऐकणं हे माझं काम, आणि मी एका कार्टूनच्या वादात जिंकायला गेले होते. माफी मागितली. विचारलं, तुझा वाद नेमका कशावर आहे?

मेला की जगला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतंच. ते मित्रांचं भांडण. त्याचं म्हणणं निघण्याआधीच्या प्रसंगाबद्दल होतं. स्पाइक यानावर परत येतो, जेटच्या हातचं जेवतो. मग एका मांजराची गोष्ट सांगतो. ते मांजर लाखो वेळा मरतं, लाखो वेळा जन्मतं. ज्यांनी पाळलं ते रडतात, मांजराला काही वाटत नाही. एका जन्मात त्याला पांढरी मांजरी भेटते, दोघं सुखाने राहतात, ती म्हातारी होऊन मरते. ते पहिल्यांदाच रडतं, खूप रडतं, आणि मरतं. मग पुन्हा जन्मत नाही. (हे जपानमधल्या १९७७च्या एका चित्रपुस्तकातून आलंय, अशी भर त्यानेच घातली.) स्पाइक म्हणतो, मला ही गोष्ट आवडत नाही, मांजरंच आवडत नाहीत. दोघं मोठमोठ्याने हसतात. जेट त्याला अडवत नाही. फे मात्र जाऊ नको म्हणते, आणि तो गेल्यावर छताकडे गोळ्या झाडत राहते.

“दोघांना कळलेलं असतं,” तो म्हणाला. “मग बरोबर कोण, जेट की फे?”

मी या वेळी तोंड मिटून बसले.

“आमच्या घरात सगळे जेट आहेत. जेवायला घालतात आणि हसतात.”

आजीला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पसरलेला. आजीला सांगितलं होतं, पित्ताशयाला सूज आहे. मुलाने फाइल वाचली होती. घरी ठरलं होतं, आजीसमोर कुणी चकार शब्द काढायचा नाही. ती त्याला रोज विचारायची, “डॉक्टर काय म्हणाले रे?” आणि तो रोज सूज म्हणायचा.

आईशी पुढची भेट अवघड गेली. “आईंना कळलं तर त्या हाय खातील,” असं त्या तीनदा म्हणाल्या. घरच्यांनी मिळून लपवायचं आणि रुग्णानेही न विचारल्यासारखं करायचं, असं मौन मी कित्येक घरांत पाहिलंय. प्रेमापोटीच असतं ते. मी त्यांना ‘सांगा’ म्हटलं नाही, तो हक्क माझा नाही. एवढंच सुचवलं की आजींना किती जाणून घ्यायचंय, हे डॉक्टरांकरवी आजींनाच विचारू या. त्या उठून गेल्या. मी धरून चालले की आता त्या येणार नाहीत.

अडीच आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मुलगा आजीचे पाय चेपत बसला होता आणि आजी म्हणाली, काहीतरी सांग रे, वेळ जात नाही. त्याने मांजराची गोष्ट सांगितली. आजीने मन लावून ऐकली.

“मग ते परत आलं नाही ना?”

“नाही.”

“बरं झालं. दमलं असेल.”

संध्याकाळी आजीने सुनेला हाक मारली, कपाटातल्या डब्यातून पाटल्या काढून हातावर ठेवल्या आणि पासबुक कुठे आहे ते सांगितलं. “मॅडम, त्यांना पहिल्या सलाइनपासून ठाऊक होतं,” ताई सांगत होत्या. “मला म्हणाल्या, त्या वॉर्डातल्या बायकांच्या डोक्यावर केस नव्हते गं, सगळ्यांच्याच पित्ताशयाला सूज होती का? तुम्ही रडाल म्हणून गप्प होते, म्हणाल्या.” मग ताई फोनवरच रडल्या. मी पुष्कळ वेळ काही बोलले नाही.

मुलगा आणखी एकदा आला, वेळ ठरलेली होती म्हणून. मित्रांशी वाद चालूच होता. आजीलाही त्याने शेवटचा प्रसंग मोबाइलवर दाखवला होता. आजीला जपानी येत नाही, स्पाइक कोण तेही माहीत नाही. चष्मा नाकावर सरकवून तिने दोनदा पाहिलं.

“काय म्हणाली? मेला की झोपला?” मी विचारलं.

“म्हणाली, ते नंतर बघा. एवढी माणसं भोवती उभी आहेत, आधी त्याच्या जखमेला कुणीतरी फडकं बांधा.”