कड्यावरचा म्हातारा आणि लोकांचा पैसा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. एकदा रात्री घाईघाईत, आणि परत सकाळी पेन्सिल हातात घेऊन. तुमच्या सरांनी दिलेला प्रश्न मला फार आवडला. तुम्ही २००३ सालच्या, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या समितीवर आहात असं समजा आणि सांगा, कोसळलेला 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन', म्हणजे डोंगरकड्यावरचा म्हाताऱ्यासारखा दिसणारा दगडी चेहरा, सरकारी पैशातून पुन्हा उभा करायचा की नाही. तू लिहिलंस, करायचा. माझं मत उलटं आहे, पण ते तुझ्या गळ्यात मारण्यासाठी हे पत्र नाही. तुझ्या मसुद्यातल्या दोन-तीन जागा मला खटकल्या, त्याच सांगतो.

पहिली जागा पान एकवरची. 'एका दगडासाठी लोक इतके भावनिक झाले' हे वाक्य आधी खोड. लोकांच्या दुःखावर वरून शेरा मारून सुरुवात केलीस की पुढचं कितीही बरोबर असलं तरी त्या राज्यातला माणूस ते वाचणार नाही. तो दगड म्हणजे काय होतं ते आधी लिही. फ्रँकोनिया नॉचच्या खिंडीत, कॅनन डोंगराच्या कड्यावर, पायथ्याच्या तळ्यापासून १,२०० फूट उंचीवर ग्रॅनाइटचे पाच थर एकावर एक असे पुढे आले होते की बाजूनं पाहिलं तर कपाळ, नाक, ओठ, हनुवटी सगळं दिसायचं. चाळीस फूट उंचीचा चेहरा. १८०५ साली रस्त्याची मोजणी करणाऱ्या माणसांनी तो पाहिल्याची नोंद आहे. १९४५ मध्ये ते राज्याचं बोधचिन्ह झालं, राज्याच्या रस्त्यांच्या पाट्यांवर तोच चेहरा, २००० साली पाव डॉलरच्या नाण्यावरही तोच. आणि ३ मे २००३ ला, मध्यरात्रीनंतर पहाटेच्या आधी कधीतरी, तो खाली गेला. पडताना कोणी पाहिलं नाही. सकाळी लोकांनी वर बघितलं तर कडा रिकामा. लोक येऊन पायथ्याशी फुलं ठेवून गेले.

आणखी एक गोष्ट त्याच पानावर लिही. नील्स नील्सन नावाचा माणूस राज्याच्या महामार्ग खात्यात कामाला होता. १९६० च्या दशकापासून तो दर उन्हाळ्यात दोराला लटकून त्या चेहऱ्यावर उतरायचा, भेगा तपासायचा, बुजवायचा. पुढे राज्यानं त्याला अधिकृत राखणदार नेमलं, त्याच्यानंतर त्याचा मुलगा डेव्हिड ते काम करू लागला. नील्स २००१ साली वारला. त्याच्या अस्थी मुलानं म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यातल्या फटीत ठेवल्या. दोनच वर्षांनी डोळ्यासकट सगळं खाली आलं. मी घाटरस्त्यांच्या कामावर तीस वर्षं काढली, कडे बांधून ठेवणारी माणसं मला ठाऊक आहेत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. इतकं लिहून झाल्यावर 'नाही' म्हणायचा अधिकार मिळतो, त्याआधी मिळत नाही.

आता मुख्य खटकलेली जागा, तुझा तक्ता. त्यात बांधकामाचा खर्च आहे, पर्यटकांकडून येणाऱ्या पैशाचा अंदाज आहे. देखभालीचा रकानाच नाही. माझ्या हाताखाली नवीन आलेला प्रत्येक पोरगा हीच चूक करायचा. काम पूर्ण झालं, फीत कापली, फोटो निघाले, की त्याच्या डोक्यातून ते काम उतरायचं. पण कड्यावर बसवलेली कुठलीही गोष्ट कधी 'पूर्ण' होत नाही. म्हातारा का पडला ते बघ. भेगांत पाणी शिरतं, हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगून भेग रुंदावतो, उन्हाळ्यात वितळतो आणि पुढच्या वर्षी आणखी आत शिरतो. असं हजारो वर्षं चाललं होतं. ग्रॅनाइट आतून कुजत गेला आणि पुढे झुकलेलं वजन मागच्या खडकाला पेलेना. म्हणजे नवा चेहरा तू ज्या खडकाला टांगणार, तो हाच खडक, ज्यानं जुना सोडला. त्यात खोल पोलादी अँकर ठोकायचे, दर वर्षी त्यांचा ताण मोजायचा, गंजलेले बदलायचे, माणसं दोरानं खाली सोडायची, आणि हे सगळं कायमचं. एकदा राज्याच्या शिक्क्यानं बसवलेला चेहरा पडला तर ती निसर्गाची करणी राहत नाही, राज्याची जबाबदारी होते. खाली रस्ता आहे, माणसांची वर्दळ आहे. तेव्हा तक्त्यात पन्नास वर्षांची देखभाल धर आणि मग बेरीज कर. मग तुझं मत बदललं नाही तरी चालेल, पण बेरीज खरी हवी.

तू जो मुद्दा मांडला नाहीस, तो तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून मीच सांगतो. हा चेहरा शेवटी शेवटी निखळ नैसर्गिक राहिलाच नव्हता. १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीचा एडवर्ड गेडीस नावाचा दगडखाणीतला माणूस वर चढला आणि कपाळाची शिळा लोखंडी सळ्यांनी आणि त्या ताणून आवळायच्या टर्नबकलांनी मागे बांधून आला. १९५७ मध्ये विधिमंडळानं २५ हजार डॉलर मंजूर केले. त्यातून सळ्या, २० टन सिमेंट आणि वरून येणारं पाणी वळवायला काँक्रीटची पन्हळ झाली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं माणूस त्याला धरून होता. मग कोणी म्हणेल, धरून ठेवायला पैसा चालतो तर परत बसवायला का नको?

या प्रश्नापाशी मीही बराच अडखळलो. आमच्या घाटात आम्ही दरडींवर जाळ्या टाकल्या, खडकात बोल्ट मारले, पाण्याला वाट काढून दिली. त्यातला एकही कडा आम्ही केला, असं मला कधी वाटलं नाही. कडा त्याचा तोच होता, आम्ही त्याला थोडे दिवस वाढवून दिले. गेडीस आणि नील्सन यांनीही तेच केलं. आजारी माणसाच्या उशाशी बसण्यासारखं ते काम, आणि त्यावर लोकांचा पैसा गेला याचा मला आनंदच आहे. पण माणूस गेल्यावर त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा पुतळा खाटेवर झोपवला तर घरातली माणसं काय म्हणतील?

आपल्याकडे यासाठी शब्दच आहे, स्वयंभू. गावाबाहेरच्या तांदळ्याला लोक हात जोडतात ते त्याला कोणी घडवलं नाही म्हणून. घडवलेल्या मूर्तीचं मोल वेगळं, तिला कारागीर असतो, तिच्या देवळाचा जीर्णोद्धार करता येतो आणि करावाही. व्हेनिसचा उंच घंटामनोरा १९०२ मध्ये ढासळला, तो त्यांनी १९१२ पर्यंत होता तसा, होता तिथे पुन्हा बांधला. ते मला पटतं, कारण तो मुळात माणसांनीच रचला होता आणि दुसऱ्या माणसांनी पुन्हा रचला. कॅनन डोंगरावरच्या चेहऱ्याचं सगळं नवल हे की तिथे कोणी छिन्नी चालवली नव्हती. तो सिमेंटमध्ये केलास की ज्यासाठी लोक मान वर करून बघत होते, तेवढंच नेमकं हरवतं. समितीनं कड्यावर प्रतिकृती बसवायची नाही असं ठरवलं, त्यामागे काय काय बोलणं झालं असेल ते असो, मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

पैसा कोणाचा, हेही नीट लिही. ज्या राज्यात पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही आणि सर्वसाधारण विक्रीकर नाही, तिथे सरकारी तिजोरीतल्या प्रत्येक डॉलरकडे लोक फार बारकाईनं बघतात. आणि कर हा मागून घेतलेला पैसा असतो, वर्गणी दिलेली असते. सोमनाथाचं मंदिर पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा गांधीजींचं म्हणणं होतं की पैसा सरकारी खजिन्यातून नको, लोकांकडून जमवावा. आणि तो तसाच जमवला गेला. न्यू हॅम्पशायरमध्येही नंतर देणग्यांवर चालणारी संस्था निघाली, तिनं तळ्याकाठी २०११ मध्ये एक छोटं स्मारक केलं. मोठाल्या ग्रॅनाइट शिळांचा पुढचा टप्पा मात्र पैशाअभावी सोडून द्यावा लागला. यावरून तू 'लोकांना हवंच नव्हतं' असा निष्कर्ष काढू नकोस, तो घाईचा होईल. एवढंच म्हण की ज्यांना मनापासून हवं होतं त्यांनी स्वतःच्या खिशातून जमेल तितकं केलं, आणि त्यात कोणावर सक्ती झाली नाही.

सरकारी पैसा निसर्गासाठी कसा खर्च व्हावा याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण त्याच खिंडीत आहे आणि तुझ्या मसुद्यात त्याचा उल्लेख नाही. आंतरराज्य महामार्ग ९३ तिथे पोचतो तेव्हा अरुंद होतो, दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका. चौपदरी रस्ता न्यायचा तर खिंड खणायची, सुरुंग लावायचे, त्याचे हादरे कड्याला बसायचे. त्यावर बरीच वर्षं वाद चालला आणि शेवटी तिथल्यापुरता महामार्गच लहान केला. रस्तेवाला म्हणून सांगतो, आम्हा लोकांना रस्ता अरुंद करायला सांगणं म्हणजे सोपी गोष्ट नाही. चेहरा आज नाही, तरी खिंड तशीच आहे. ते ऐंशीच्या दशकातलं काम आजही उपयोगी पडतंय.

त्याच खिंडीत फ्लूम नावाची घळ आहे. दोन कड्यांमध्ये अडकून लटकलेली, दहा फूट उंच, बारा फूट लांब अशी एक प्रचंड शिळा तिथे होती. १८८३ च्या पावसात दरड कोसळून ती वाहून गेली, ती परत सापडली नाही. त्याच पुरानं तिथे एक नवा धबधबा करून ठेवला. लोक आज तो बघायला जातात.

तू विचारशील, काका, हे दुसऱ्याच्या डोंगराबद्दल सोपं आहे, उद्या राजगडाचं नेढं, म्हणजे खडकातलं ते आरपार भोक, ढासळलं तर? मी त्या नेढ्यात बसून वारा खाल्लाय, तुझे बाबा बरोबर होते. ते पडलं तर मी रडेन. आणि तरीही तिथे सिमेंटची कमान करायला मी सही देणार नाही. मी पैसा आजच मागेन, नेढं उभं असताना. भेगा मोजायला, लेसरनं त्याची बारीक मापं घेऊन ठेवायला, पावसात वाट कधी बंद ठेवायची ते ठरवायला आणि तिथे एक माणूस नेमायला. हे अंदाजपत्रक छोटं असतं, त्यात फीत कापायला काही नसतं, म्हणून ते मागावं लागतं आणि पुन्हा पुन्हा मागावं लागतं. तुझ्या मसुद्याचं शेवटचं पान यावर लिही, असं मला वाटतं. अशी कितीतरी ठिकाणं अजून उभी आहेत.

पण त्याआधी एकदा तिथे जाऊन ये. बोस्टनहून सकाळी निघालास तर दुपारच्या आत पोचशील. मुलगी नॅशुआला होती तेव्हा मी गेलो होतो, पानं लाल व्हायला लागली होती. तळ्याकाठी पोलादाच्या सात उभ्या पट्ट्या आहेत, वरच्या टोकाला वेड्यावाकड्या कापलेल्या. खाली उंचीप्रमाणे खुणा आहेत. आपल्या उंचीच्या खुणेवर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि पट्टीचं टोक कड्याशी जुळवायचं. मग रिकाम्या कड्यावर कपाळ, नाक, हनुवटी परत दिसते, आणि मान जरा हलली की जाते. माझ्या शेजारी एक बाई आपल्या नातवाला उचलून खुणेवर नीट उभं करत होत्या. त्याला काही केल्या दिसेना. त्या त्याची हनुवटी धरून पुन्हा पुन्हा कोन जमवत राहिल्या.

पुढचा मसुदा झाला की पाठव. तक्ता वेगळ्या कागदावर कर, मला बेरजा तपासता येतील.

तुझा,
काका