वाचकांचे प्रश्न : सुविचाराखालचं नाव

प्रश्न : वाचनालयाच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. वाक्याखाली दिलेलं नाव खरं की खोटं, हे कसं ओळखावं?

उत्तर : नावासोबत ग्रंथ, पत्र किंवा भाषण आणि साल दिलं आहे का, ते आधी पाहा. नुसतं नाव असेल तर ते कच्चं समजा. मग वाक्य मूळ भाषेत मिळवा, त्यातले सलग चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत घालून जुन्या पुस्तकांच्या डिजिटल संग्रहात शोधा आणि निकाल सालवार लावा. मराठी अनुवाद घेऊन शोधलंत तर हाती काही लागत नाही, कारण अनुवाद प्रत्येकाचा वेगळा असतो.

घोटाळा बहुधा सारांशातून होतो. ‘आपण वारंवार जे करतो, तेच आपण असतो’ हे वाक्य ॲरिस्टॉटलच्या नावावर फिरतं. लिहिलं अमेरिकन लेखक विल ड्युरंट यांनी, १९२६ साली, ॲरिस्टॉटलचा विचार समजावून सांगताना. ‘तुमचं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन’ हे फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरचं मानलं जातं. व्हॉल्तेअर १७७८ मध्ये वारला. हे शब्द इंग्रज लेखिका एव्हलिन बिअट्रिस हॉल यांनी १९०६ मध्ये त्याची वृत्ती सांगताना लिहिले. म्हणून वाक्य सापडल्यावर तिथेच थांबू नका, मागचा-पुढचा परिच्छेद वाचा. नाव खरं असलं तरी हे करावंच. ‘ज्ञानापेक्षा कल्पनाशक्ती महत्त्वाची’ हे आइन्स्टाइन १९२९ च्या एका मुलाखतीत खरोखर म्हणाले. पण लगेच पुढे ज्ञानाला मर्यादा असते, असं कारणही त्यांनी दिलं. तेवढं गाळलं की अभ्यास टाळायला वाक्य आयतंच मिळतं!

मूळ सापडलंच नाही, तर ‘अज्ञात’ लिहा. वाक्य चांगलं असेल तर नावावाचूनही वाचलं जातं.

प्रश्न : सुविचारांची वही भरली, पण वागण्यात फरक नाही. असं का?

उत्तर : सुविचार काय करावं ते सांगतो, केव्हा करावं ते सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘जर-तर’ पद्धतीच्या संकल्पांचा अभ्यास केला. प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली, तर ठरवलेलं पार पडण्याची शक्यता वाढते. ‘रागावर ताबा ठेवा’ याच्याखाली लिहा : ‘रागात उत्तर लिहायला बसलो, तर ते न पाठवता ठेवीन आणि सकाळी पुन्हा वाचीन.’ ‘जर’नंतरचा प्रसंग ठळकपणे ओळखू यायला हवा. ‘वेळ मिळाला तर’ असं लिहिलंत की संकल्प तिथेच बारगळतो. एका वेळी एकच वाक्य घ्या आणि जिथे तो प्रसंग येतो तिथेच लावा. भिंतभर लावलेल्या वाक्यांना डोळे सरावतात, मग ती दिसेनाशी होतात.

प्रश्न : मैत्रिणीच्या घरी कुणाचा तरी मृत्यू झाला आहे. तिला कोणता सुविचार पाठवू?

उत्तर : कोणताच नको. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे अशा वेळी घाव घालतं. साधं लिहा : ‘उद्या संध्याकाळी फोन करते. बोलावंसं वाटलं नाही, तर उचलू नकोस. परवा पुन्हा करीन.’ आणि परवा खरंच करा.